परीक्षक मे महिन्यात येतात

वास्तुपुरस्काराचं परीक्षक मंडळ अकराला येणार होतं. म्हणजे साडेबाराच्या आत कुणी फिरकत नाही, हे पुणतांब्यात सगळ्यांना ठाऊक होतं. तरी पंकज सकाळी सहापासून घरातल्या वस्तू हलवत होता. आधी मिक्सर गेला, मग इस्त्रीचं टेबल, मग त्याच्या वडिलांची, म्हणजे अमृतची, बीपीच्या गोळ्यांची डबी. परीक्षकांना घर दिसायला हवं, वस्तू नकोत, असं त्याचं म्हणणं. त्याची बायको धनश्री मोबाईल आडवा धरून पुढे चालायची आणि मोबाईल जिथे थांबेल तिथली वस्तू पंकज उचलून मागच्या गोठ्यात नेऊन ठेवायचा. साडेआठपर्यंत संसार गोठ्यात गेला होता आणि शेळी ओसरीवर येऊन उभी राहिली होती.

"हा फोटो?" धनश्रीने समोरच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे बुद्ध आणि बाबासाहेब शेजारी शेजारी होते. "भिंत मोकळी असती तर टेक्स्चर फार छान आलं असतं."

स्वयंपाकघरातून कलाबाईंचा आवाज आला. "त्यो हलनार न्हाई. तुजं टेक्चर दुसऱ्या भितीवर काढ."

कलाबाई म्हणजे पंकजची आज्जी, वय शहात्तर. सकाळपासून त्या एवढंच बोलल्या होत्या.

यशोधरा श्रीगोंद्याहून एसटीने आली ती या गोंधळात. पंकजची ही आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका, त्यामुळे दारात शिरताना समोर लिहिलेलं काहीही असलं तर आधी चुका शोधायची तिला सवय. दारातच एक मोठा छापील बोर्ड टेकवून ठेवला होता. 'स्मृतींच्या खिडक्या : एक निवासस्थान. वास्तुकार : पंकज अमृत जगधने.' तिने तो दोनदा वाचला. शुद्धलेखन बरोबर होतं.

"पंकज," ती म्हणाली, "हे घर कधी बांधलंय?"

"आत्या, आधी पाणी तरी पी."

"नव्याण्णव साली बांधलंय. तेव्हा तू सहा वर्षांचा होतास. शेंबूड पुसायला आईला हाक मारायचास. वास्तुकार कधी झालास?"

"आत्या, तांत्रिकदृष्ट्या बघितलं तर एकोणीस साली मी गच्चीचं वॉटरप्रूफिंग केलं. रेलिंग बदललं. म्हणजे नूतनीकरण माझं आहे."

"आमच्या शाळेला मागच्या वर्षी मी रंग दिला. मग शाळा मी काढली म्हणून सांगू का?"

अमृत खुर्चीवरून उठला. एसटी डेपोत चौतीस वर्षं कारकुनी केल्यामुळे दोन प्रवाशांचं भांडण लागलं की दोघांनाही 'बरोबर आहे' म्हणायची कला त्याला अवगत होती. "यशोधरे, पोराचं बी बरोबर हाय. अर्जात वास्तुकाराची पदवी लिहायची जागा आहे. आपल्या बापाकडं, दादांकडं, कुठली पदवी?"

"आणि दादांचं घर दादांच्या नावावर हवं, हे माझं म्हणणं?"

"ते बी बरोबर हाय," अमृत म्हणाला आणि गोळ्यांची डबी शोधायला गोठ्यात गेला.

आता हा पुरस्कार काय चीज आहे, ते सांगायला हवं. नाव 'गोदा-प्रवरा वास्तुगौरव'. १९८५ साली आप्पासाहेबांच्या, म्हणजे आताच्या मुख्य परीक्षकांच्या, वडिलांनी तो सुरू केला, कारण त्याच वर्षी त्यांचे जावई आर्किटेक्ट होऊन आले होते आणि त्यांनी श्रीरामपुरात दूध संघाचं ऑफिस बांधलं होतं. पहिला पुरस्कार कुणाला मिळाला, हे काही सांगायला नको. ऑफिस पूर्ण गोल. गोल भिंतीला कपाट लागत नाही, टेबल लागत नाही, त्यामुळे संघाचे कारकून पंधरा वर्षं खोलीच्या मधोमध एकमेकांना पाठ लावून बसले. आता तिथे स्पर्धा परीक्षांचा क्लास चालतो. पोरं गोलाकार बसतात आणि नापास होतात.

एक्याण्णवचा पुरस्कार श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्याच्या गेस्टहाऊसला. त्याचं छप्पर दोन्ही बाजूंनी वर उचललेलं आणि मधे खोलगट. मानपत्रात त्याला 'आकाशापुढे धरलेली ओंजळ' म्हटलं होतं. ती ओंजळ पहिल्याच जुलैत चेअरमनच्या पलंगावर रिकामी झाली. सत्त्याण्णवला एका मंगल कार्यालयाला मिळाला. त्यात बत्तीस खांब, कुठेही बसा, नवरा दिसला तर नवरी दिसत नाही. दोन हजार साली नगरच्या एका वाचनालयाला. पश्चिमेला तीस फूट काच, त्यामुळे पुस्तकांच्या पाठी पांढऱ्याफटक पडल्या. आता कायदा कोणता आणि कादंबरी कोणती, हे उघडल्याशिवाय कळत नाही. पुढे एका बसथांब्याला 'सावलीची केवळ सूचना करणारं छत' म्हणून गौरवलं. प्रवासी ती सूचना समजून घेऊन समोरच्या लिंबाखाली उभे राहतात. गेल्या वर्षी एका फार्महाऊसने पुरस्कार मारला, कारण त्याच्या भिंती मातीच्या वाटतात. सिमेंटवर मातीचा रंग दिलाय. चाळीस वर्षांतली बहुतेक मानकरी छपरं गळतात, पण गळतीबद्दल एक अक्षर कधी कुठल्या मानपत्रात आलेलं नाही, कारण परीक्षक मे महिन्यात येतात.

यातल्या पहिल्या चार इमारती उभ्या केल्या त्या रंभाजी जगधने मिस्त्रीने, म्हणजे पंकजच्या आजोबांनी. दर उद्घाटनाला त्यांना टॉवेल, टोपी आणि नारळ मिळाला, तोही मांडवाच्या मागे, कारण स्टेजवर जागा नसायची. दाराशेजारच्या संगमरवरी पाटीवर चेअरमन असायचे, व्हाईस चेअरमन असायचे, सगळे संचालक, वास्तुकार, आणि येणार होते पण आले नाहीत असे मंत्रीसुद्धा. मिस्त्री नसायचा. पाटी भिंतीत सरळ बसवायला मात्र रंभाजीच लागायचा.

काम संपलं की उरलंसुरलं मिस्त्रीचं, हा या भागातला रिवाज. त्या रिवाजाने दूध संघाची एक अर्धगोल खिडकी, गेस्टहाऊसची सागवानी उंच खिडकी आणि मंगल कार्यालयाच्या रंगीत काचा पुणतांब्यात जगधन्यांच्या बाभळीखाली येऊन पडल्या आणि नव्याण्णव साली त्यांचं घर झालं. दोन खिडक्या एकीसारखी दुसरी नाही. पंचवीस वर्षं गाव त्या घराला 'भंगारवाल्याचा बंगला' म्हणत होतं. आणि यंदा पुरस्कारात 'पुनर्वापर' नावाचा नवा विभाग निघाला. पुण्यात आर्किटेक्ट असलेल्या पंकजला तिथे बसल्याबसल्या साक्षात्कार झाला, की आपण लहानपणी ज्या घरात राहायची लाज वाटून घेत होतो ते फार आधुनिक आहे. शिवाय आप्पासाहेबांच्या संस्थेच्या नव्या कॉलेजचं काम निघणार होतं, आणि ते काम मानकऱ्यालाच जातं, हेही त्याला पुण्यात बसल्याबसल्याच कळलं होतं.

रंभाजी दाढी करून आत आले. एक्याऐंशी वर्षं, पाठ अजून ओळंबा लावल्यासारखी सरळ. अंगावर धनश्रीने आणलेला खादीचा कुडता होता.

"बाबा, एकदा परत," पंकज म्हणाला. "त्यांनी विचारलं, घर कुणी केलं?"

"नातवानं."

"आणि तुम्ही?"

"मी हातभार लावला."

"आणि शेवटी?"

रंभाजींना ते शेवटचं काही आठवेना. "शाश्वत..." एवढं म्हणून ते थांबले.

यशोधराला राहवेना. "दादा, तुम्हाला हे मान्य आहे?"

"पोरगं म्हनतंय, त्येला काम मिळंल."

"दूध संघाच्या वेळी तुम्ही घरी येऊन जेवला नव्हतात. मी चौदा वर्षांची होते, आठवतंय मला. पाटी बसवून आलात आणि म्हणालात, पाटीवर त्या जावयाचं नाव, आन खालच्या स्क्रूला माझं बोट. रक्त निघत होतं. चार पाट्या तुम्ही दुसऱ्यांच्या बसवल्यात. पाचवी आपल्या घराला लागणार, त्यावरही तुमचं नाव नको?"

म्हाताऱ्याचा चेहरा हळूहळू बदलला. खरं तर बोर्ड आला त्या दिवसापासून त्यांना रात्री नीट झोप नव्हती. नातवाला नाही म्हणवत नव्हतं आणि बोर्डाकडे बघवत नव्हतं. पोरगी बोलली आणि त्यांच्या मनातलंच कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवल्यासारखं झालं.

"पंकज," ते म्हणाले, "माजं नाव लिव."

"बाबा, ऐनवेळी? मग असं करू. वर माझं, आणि खाली बारीक अक्षरात 'मार्गदर्शन : रंभाजी मिस्त्री'."

"बारीक कशाला?" यशोधरा म्हणाली.

"फॉन्टचा प्रश्न आहे, आत्या."

अमृत गोठ्यातून डबी घेऊन परतला होता. पारडं कुठे झुकलंय याचा त्याने अंदाज घेतला. "मी तर पहिल्यापासून म्हणतोय, दादांचंच नाव पाहिजे," तो म्हणाला.

"पप्पा!" पंकज ओरडला.

स्वयंपाकघरात कलाबाई भाकरी थापत हे सगळं ऐकत होत्या. हसू येत होतं आणि रागही येत होता.

नव्याण्णव साली रंभाजी दहा महिने नगरला वाचनालयाच्या कामावर होता. पोरगी सासरी, पोरगा डेपोच्या क्वार्टरमध्ये. पुणतांब्यात पत्र्याच्या खोपटात कलाबाई एकट्या आणि बाभळीखाली त्या खिडक्या. पंचवीस वर्षं त्यांनी प्रत्येक साईटवर घमेली वाहिली होती, त्यामुळे भिंत कुठे चुकली की माणसाचं काय होतं, हे त्यांच्या पायांना माहीत होतं. त्यांनी चुलीतली राख घेतली आणि जमिनीवर खोल्या आखल्या. आत बसून बघितलं, आडवं होऊन बघितलं, उन्हाच्या वेळी बघितलं. दोनदा पुसलं. तिसऱ्यांदा आखल्यावर भावाला, छगन मिस्त्रीला, बोलावलं आणि म्हणाल्या, हितं बांध. "दाजींना इचारलं का?" छगनने विचारलं. "दाजी दुसऱ्याचं बांधत्यात," त्या म्हणाल्या, "हे माजं हाय."

रंभाजी दिवाळीला आला तेव्हा घर उभं होतं. त्याने फिरून बघितलं, 'बरं झालंय' म्हणाला आणि पुढच्या दाराची एक बिजागरी बदलली. त्या बिजागरीच्या जोरावर तो पंचवीस वर्षं 'मी बांधलेलं घर' म्हणत आला. छगन पुढे वारला आणि साक्षीला कुणी उरलं नाही.

इतकी वर्षं कलाबाईंना त्याचं काही वाटलं नव्हतं. राहायला मिळत होतं, तेवढं पुष्कळ होतं. पण आता नाव लिहायची वेळ आली होती, आणि लिहिलेल्याचं त्यांना वाटत होतं. फार वाटत होतं. त्या वाट बघत होत्या, की हा आता बोलेल. नावाची भूक काय असते ते याच्याइतकं या घरात कुणाला माहीत? पण तो बाहेर 'माजं नाव लिव' म्हणत होता. कलाबाईंनी भाकरी तव्यावर टाकली ती जरा जोरातच.

आणि परीक्षक पावणेबाराला आले. वेळेच्या आधी येऊन त्यांनी सगळ्यांची पंचाईत केली. पांढऱ्या गाडीतून आधी आप्पासाहेब उतरले, पांढऱ्याच कपड्यांत. मागून पुण्याच्या आर्किटेक्चर कॉलेजातल्या प्राध्यापक रुपाली मॅडम, पायांत साधी चप्पल, हातात वही. दोनच परीक्षक. तिसरे होते, त्यांना ऊन लागलं होतं.

"अरे रंभाजी!" आप्पासाहेब म्हणाले. "तू आहेस का अजून?"

रंभाजी उठून उभे राहिले. "हाय साहेब."

"आप्पासाहेब," यशोधरा म्हणाली, "तुमचं वय किती?"

"अडुसष्ट. का हो बाई?"

"दादा एक्याऐंशीचे आहेत."

आप्पासाहेब हसले, पण त्यानंतर त्यांनी रंभाजींना कुठलंच सर्वनाम वापरलं नाही. वाक्यं फिरवून फिरवून बोलले.

पंकज पुढे झाला. एका खिडकीजवळ उभा राहून त्याने पोकळी, स्मृती आणि खिडक्यांमधला संवाद यावर सात मिनिटं भाषण केलं. धनश्री चित्रीकरण करत होती. आप्पासाहेब दर दोन वाक्यांना मान हलवत होते. कॉलेजच्या इमारतीचा पाया पंकजला डोळ्यांसमोर दिसायला लागला होता.

रुपाली मॅडमनी वहीतून डोकं वर काढलं. "अर्जात बांधकामाचं वर्ष नव्याण्णव लिहिलंय. तुमचं जन्मवर्ष त्र्याण्णव."

"हो."

"म्हणजे सहाव्या वर्षी?"

"संकल्पना लहानपणापासूनच डोक्यात होती, मॅडम," पंकज म्हणाला.

यशोधराला आता कुणी थांबवू शकलं नसतं. तिने पर्समधून लाल पेन काढलं, टेबलावरचा अर्ज ओढला आणि 'वास्तुकार' या रकान्यातल्या नावावर सरळ रेघ मारली. "हे घर माझ्या वडिलांनी बांधलंय," ती म्हणाली. "ज्या चार इमारतींना तुम्ही पुरस्कार दिलेत, त्याही यांनीच बांधल्यात. एकदा तरी यांचं नाव लिहा." आणि तिने वर मोठ्या अक्षरात लिहिलं, रंभाजी जगधने.

आप्पासाहेबांनी टाळी वाजवली. "वा! ही खरी बातमी! शाळेची पायरी न चढलेला मिस्त्री, आणि ही प्रतिभा! स्मरणिकेच्या पहिल्या पानावर घेऊ. फोटोत थापी हातात हवी बरं का."

"मी तेच सांगत होतो, सर," पंकज म्हणाला. त्याला वळायला दोन सेकंदही लागले नाहीत. "बाबांचं काम जगापुढे आणायचं, एवढंच माझं स्वप्न. माझं फक्त डॉक्युमेंटेशन."

"तुमच्यासारखीच तरुण पिढी हवी," आप्पासाहेब म्हणाले.

अमृतने डोळे पुसले. यशोधराने पेनाचं टोपण लावलं. रंभाजी अर्जावरच्या आपल्या नावाकडे बघत होते. त्यांना वाचता येत नव्हतं, पण स्वतःचं नाव ओळखता येत होतं. चाळीस वर्षांनी ते कुठेतरी लिहिलं गेलं होतं, आणि छातीत इतकं भरून आलं होतं की त्यांना खाली बसावं लागलं.

"बाबा, मला घर दाखवता?" रुपाली मॅडम म्हणाल्या.

सगळे उठले. स्वयंपाकघरात कलाबाई चुलीपुढे बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी भिंतीत दूध संघाची अर्धगोल खिडकी, जमिनीपासून जेमतेम वीतभर उंचीवर.

"ही इतकी खाली का?" मॅडमनी विचारलं.

"हवा," रंभाजी म्हणाले. "गार हवा खालून येती."

"मग गरम हवा बाहेर जायला वर काहीच नाही?"

रंभाजींनी वर बघितलं. "त्यो झरोका... ऱ्हायला."

"हवेचं काय न्हाई त्यात," कलाबाई भाकरी उलटत म्हणाल्या. "मी भाकरी बसून करती. खिडकी वर ठिवली आसती तर मला नुस्तं आभाळ दिसलं आसतं. मला रस्ता बगायचा हुता. कोन आलं, कोन गेलं."

मॅडम खाली बसल्या. चक्क फरशीवर, चुलीच्या शेजारी. खिडकीतून बघितलं तर रस्ता, त्यापलीकडे गोदावरीकडे जाणारा उतार आणि दारातली आप्पासाहेबांची गाडी, सगळं एका नजरेत येत होतं. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं.

मागच्या खोलीत गेस्टहाऊसची सागवानी खिडकी, माणसाहून उंच. "ही एवढी देखणी खिडकी मागे का लावलीत? समोर किती शोभली असती."

रंभाजींनी ओठ ओले केले. "शोभा म्हंजे..."

कलाबाई पदराला हात पुसत मागून आल्या होत्या. "मागं लिंब हाय. समूर लावली आसती तर दुपारच्याला फरशी तव्यावानी तापली आसती. नगरच्या वाचनालयात काय झालं, बगितलं न्हाई का?"

आप्पासाहेब खाकरले.

"आणि मंगल कार्यालयाच्या रंगीत काचा मोरीत?" मॅडमनी आता रंभाजींकडे बघितलंही नाही.

"बाहेरून आतलं दिसत न्हाई म्हनून. आन दुसऱ्याच्या लग्नाच्या काचा. म्हनलं, आपली आंगूळ तरी रंगीत हुईल."

धनश्री हसली आणि तिने मोबाईल नकळत आजोबांवरून आजीकडे वळवला. पंकजने तिला कोपराने खुणावलं. तिने वळवला नाही.

"आजी," मॅडमनी विचारलं, "हे घर कुणी आखलं?"

कलाबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. "त्यानला इचारा," त्या म्हणाल्या.

रंभाजींना सगळं आठवत होतं. दिवाळीची सकाळ, उभं घर, आणि ओसरीच्या कडेला न पुसलेली राखेची एक रेघ. ती रेघ त्यांनीच पायाने पुसली होती. पण टेबलावर अर्ज होता, त्यावर त्यांचं नाव होतं, आणि शाई अजून ओली असल्यासारखी त्यांना वाटत होती.

"आमी दोघांनी," ते म्हणाले.

"तुमी नगरला हुता," कलाबाई म्हणाल्या.

"येनंजानं हुतं की माजं."

"दिवाळीला आला. बिजागरी बसिवली."

यशोधरा आईकडे बघतच राहिली. "आई, खरं सांगतेस? मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"इचारलं कुनी? तू आलीस ती बापाचं नाव घिऊन. ह्यो पंकज आला त्यो सोताचं नाव घिऊन. मला चा टाकायला सांगितलं." त्या मॅडमकडे वळल्या. आवाज चढला नव्हता. "बाई, माजं नाव लिवा."

"आई, आता कशाला," अमृत म्हणाला. "घरातलंच तर आहे. दादांचं काय, तुझं काय."

"मग माजं लिवायला तुजं काय जातंय?"

याला कुणाचंही बरोबर आहे म्हणता येईना, म्हणून अमृतने डबीतून एक गोळी काढली.

आप्पासाहेब घड्याळाकडे बघत म्हणाले, "वहिनी, स्मरणिकेत आम्ही 'सौभाग्यवतींची मोलाची साथ' असं एक वाक्य..."

"साथ नगं. नाव लिवा."

रंभाजी बायकोजवळ गेले. लोकांना ऐकू जाऊ नये म्हणून हळू बोलले, पण खोली शांत होती आणि सगळ्यांना ऐकू गेलं. "अगं, लिवून झालंय. आयुष्यात पैल्यांदा लिवलंय कुनी. आता खोडलं तर लोक मला काय म्हनतील?"

"ज्या सायबांनी तुमचं नाव खाल्लं, त्यानला लोक काय म्हनले?" कलाबाईंनी विचारलं.

रंभाजींनी आप्पासाहेबांकडे बघितलं.

"काय बी न्हाई म्हनले. हार घातले. तुमालाबी कोन काय म्हननार न्हाई."

बाहेर शेळी ओरडली. पंकज भिंतीला टेकला. यशोधराने लाल पेन उघडलं आणि बापाकडे बघत उभी राहिली. रंभाजींनी अर्जाकडे न बघताच हात केला. "खोड," ते म्हणाले.

यशोधराने रेघ मारली. सकाळपासून तिने दोन नावं खोडली होती आणि दुसऱ्याला तिचा हात जड झाला होता. तिसरं नाव लिहायला तिने पेन टेकवलं, तेवढ्यात आप्पासाहेबांनी अर्ज उचलला.

"थांबा. हा अर्ज आता चालणार नाही," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेचा आनंद लपत नव्हता. "नियम आहे आपला. एका रकान्यात दोनदा खाडाखोड म्हणजे अर्ज बाद. वडिलांनीच केलेला नियम. आणि आज शेवटची तारीख."

"कोरा अर्ज कुठं मिळतो?" रुपाली मॅडमनी विचारलं.

"स्टँडवरच्या झेरॉक्सच्या दुकानात काढून देतात," धनश्री म्हणाली. पंकजने तिच्याकडे असं बघितलं, की पुढचे चार दिवस त्या दोघांचं कसं जाणार हे सगळ्यांना कळलं.

"मग मी थांबते," मॅडम म्हणाल्या आणि पुन्हा चुलीपाशी जाऊन बसल्या. त्यामुळे आप्पासाहेबांनाही बसावं लागलं.

"मी गाडीवर जाऊन आणतो," पंकज तोंड पाडून म्हणाला.

"तू बस," रंभाजी म्हणाले. "मी जातो."

बाहेर मे महिन्याची भर दुपार होती आणि स्टँड दहा मिनिटांवर. कुणी त्यांना अडवलं नाही. त्यांनी डोक्याला टॉवेल गुंडाळला, चपला पायात सरकवल्या आणि पायऱ्या उतरले. कलाबाई चुलीपुढे येऊन बसल्या होत्या. खालच्या खिडकीतून त्यांना नवरा रस्त्याला लागलेला दिसला.

"अवो," त्यांनी हाक मारली.

रंभाजी थांबले.

"आर्ज दोन आना. एक बिघडला तर आसू द्या."